असुराचा आवाज

विष्णूच्या दहा अवतारांवर दहा गाणी रचून ती अवतारांच्याच क्रमाने एका अल्बममध्ये बांधण्याचे काम मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या हेवी मेटल बँडने २०१७ साली केले आणि त्या अल्बमला ‘दशावतार’ हे नाव दिले. गायक-गिटारवादक साहिल मखिजा यांनी २००० साली उभा केलेला हा बँड तोवर देशाबाहेरही पोहोचलेला होता. २०१० साली ब्रिटनमधील ‘मेटल हॅमर’ या नियतकालिकाचा जागतिक मेटलसाठीचा पुरस्कार त्याला मिळाला होता आणि त्याच वर्षी नॉर्वेतील ‘इन्फर्नो’ या महोत्सवात त्याने वादन केले होते. ‘दशावतार’चे देशात आणि परदेशात कौतुक झाले ते प्रामुख्याने त्याच्या वादनाच्या ताकदीसाठी आणि भारतीय वाद्यांचे सूर या संगीतात उपरे न वाटता मिसळल्याबद्दल. मात्र ज्या शब्दाखाली हा अल्बम उभा आहे, तो शब्द कोकणात उच्चारला की डोळ्यांसमोर एखादी यादी येत नाही, तर जत्रेची रात्र येते. आणि म्हणून या अल्बमचे मोल ठरवण्यासाठी मेटलच्या जगातील तुलनांइतकीच सह्याद्रीच्या पायथ्याकडची, चिपळूण तालुक्यातल्या पोफळीसारख्या गावापासून थेट तळकोकणापर्यंत पसरलेली लोकरंगभूमीची स्मृती उपयोगी पडते.

हेवी मेटल हे १९७० च्या सुमारास इंग्लंडच्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात आकाराला आलेले संगीत आहे. त्याचा आद्य बँड मानल्या जाणाऱ्या ‘ब्लॅक सॅबथ’चा गिटारवादक टोनी आयोमी स्वतः पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि तेथील अपघातात त्याच्या बोटांची टोके तुटल्यावर त्याला हलक्या तारा व निराळी वादनपद्धती शोधावी लागली, ही गोष्ट या संगीताच्या जन्मकथेचाच भाग झाली आहे. त्याच्या ध्वनीचा पाया म्हणजे ‘डिस्टॉर्शन’, अर्थात गिटारचा विद्युत्संकेत ध्वनिवर्धकाच्या क्षमतेपलीकडे ढकलून त्याची शिखरे कापली जाऊ देणे, ज्यामुळे मूळ सुरासोबत अनेक उपस्वर उसळून येतात आणि आवाज खरखरीत, भरीव व दीर्घ होतो. अशा ध्वनीत पूर्ण स्वरसंघात वाजवला तर तो गढूळ होतो, म्हणून मेटलचा वादक बहुधा त्यातला मधला स्वर, म्हणजे गांधार, गाळून केवळ षड्ज आणि पंचम ठेवतो. त्याला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात. तानपुऱ्याच्या सर्वांत परिचित जुळणीतही हेच दोन स्वर असतात, त्यामुळे भारतीय वाद्य या संगीतात आणताना वाटते तितकी तोडमोड करावी लागत नाही.

संकल्पना-अल्बम म्हणजे ज्यातील गाणी एकाच कथेने किंवा एकाच विचाराने बांधलेली असतात आणि ज्यांचा क्रम बदलला तर अर्थही बदलतो, अशी रचना. १९६९ चा ‘द हू’ या बँडचा ‘टॉमी’ आणि १९७९ चा ‘पिंक फ्लॉइड’चा ‘द वॉल’ यांनी ही कल्पना रॉकमध्ये रुजवली, आणि १९८७-८८ च्या सुमारास किंग डायमंडचा ‘ॲबिगेल’, ‘आयर्न मेडन’चा ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’ आणि ‘क्वीन्सराइक’चा ‘ऑपरेशन: माइंडक्राइम’ यांनी ती मेटलमध्ये प्रतिष्ठित केली. सुट्या गाण्याला तीन-चार मिनिटांत जे बोलता येत नाही ते बोलण्यासाठी हा प्रकार निर्माण झाला आणि म्हणून त्याची कसोटीही निराळी आहे. दहाही गाणी उत्तम असूनही त्यांच्यामध्ये वाढत जाणारा विचार नसेल, तर तो संग्रह उरतो. ‘दशावतार’ या कसोटीला कितपत उतरतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

योगायोगाची गोष्ट अशी की कोकणातल्या ज्या लोकनाट्याला दशावतार म्हणतात, त्यात दहा अवतार दाखवतच नाहीत. सिंधुदुर्गात आणि लगतच्या गोव्यात देवळाच्या सभामंडपात रात्रभर चालणाऱ्या या खेळाचे दोन भाग असतात. पहिल्या, ‘आड दशावतार’ नावाच्या भागात गणपती, सरस्वती, भटजी अशी सोंगे येतात, वेद पळवणारा संकासुर येतो आणि विष्णूच्या हातून त्याचा वध होतो, म्हणजे मत्स्यावताराची कथा तेवढी घडते. त्यानंतरच्या भागात पुराणातले एखादे आख्यान लावले जाते, ज्याचे संवाद लिहिलेले नसतात, तर नट ते उभ्या उभ्या रचतात. पेटी, पखवाज आणि झांज एवढीच वाद्ये, राजाचे सिंहासन म्हणून एक लाकडी बाकडे, आणि पहाटे दहिकाला फोडून समाप्ती. या परंपरेचे नाते राजापूरकडील आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांच्याशी जोडले जाते. दहा अवतारांचे नाव घेऊन एकाच अवतारावर थांबणारा हा खेळ अपुरा मात्र कधीच वाटत नाही, कारण त्याचे चित्त मुळी अवतारांच्या मोजणीत नसून देव आणि असुर यांच्या समोरासमोर येण्यात आहे.

आणि त्या समोरासमोर येण्यात प्रेक्षकांचे प्रेम कोणावर असते, हे ज्याने एकदा पाहिले त्याला सांगावे लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात, विशेषतः चिपळूण-गुहागर भागात, शिमग्याच्या दिवसांत गावोगाव फिरणाऱ्या नमन-खेळ्यांमध्येही हाच संकासुर असतो: अंगभर काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, बाहेर काढलेली लाल जीभ, कमरेला घुंगरू. गणाचे स्तवन होते, गवळण होते, पण मृदंगाची लय चढते आणि मुले आईच्या पदराआड जातात ती संकासुर आल्यावर. त्याला लोक भितात, त्याच्याशी थट्टा करतात, त्याला नवसही बोलतात. पुराणात जो वेदांचा चोर म्हणून मारला गेला, तो कोकणच्या अंगणात दरवर्षी सन्मानाने नाचवला जातो, यामागे लोकमानसाची एक फार जुनी आणि फार उदार समज आहे. देवाला येण्याचे कारण असुर पुरवतो, आणि ज्याच्यामुळे देव आला त्याला विसरणे या खेळ्यांना मान्य नाही.

हेवी मेटल या ठिकाणी अनपेक्षितपणे जवळचे वाटू लागते. मेटलच्या ज्या उपप्रकारांत ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ची रचना बसते, त्यांत गायनाचा प्रमुख प्रकार ‘ग्रोल’ हा असतो. स्वरतंतूंच्या वरच्या बाजूला असलेले पडदे कंपित करून काढलेला हा खोल, गुरगुरता आवाज शब्द झाकतो आणि भाव उघडा करतो. त्याला जोड असते ती ‘ब्लास्ट बीट’ची, ज्यात ढोलवादक दोन्ही हातांनी आणि पायांनी इतक्या वेगाने आघात करतो की सुटे ठोके ऐकू न येता एक सलग थरथर ऐकू येते. ज्यांना हे संगीत नुसता गोंगाट वाटते, त्यांनी असुराच्या प्रवेशाच्या वेळी पखवाजाने घेतलेली दौड आणि नटाने घशाच्या तळातून काढलेली आरोळी आठवून पाहावी. दोन्हीकडे माणसाचा आवाज माणसाच्या नेहमीच्या मर्यादेबाहेर नेला जातो, आणि तो तसा नेण्याचे कारणही एकच आहे: जे पात्र बोलते आहे ते माणसाच्या मापाचे नाही, हे शब्दांआधी कानाला कळावे. नाट्यशास्त्राने रौद्र आणि भयानक यांना रसांत स्थान दिले ते काही उगीच नव्हे. गेल्या शंभर-दीडशे वर्षांत भजन, भावगीत आणि चित्रपटगीत यांच्या गोडव्यात वाढलेल्या भक्तिसंगीताला मात्र या दोन रसांचा जवळजवळ विसर पडला. खांब फोडून बाहेर येणारा, दैत्याचे आतडे गळ्यात घालणारा नरसिंह केवळ मधुर चालीत गायला जातो तेव्हा कथेचा गाभाच निसटतो. ‘दशावतार’ अल्बमचे सर्वांत मोठे यश हे की त्याने नरसिंहाला पुन्हा भयंकर केले. प्रलय, समुद्रमंथन, पाताळातून पृथ्वी वर काढणारा वराह, उग्र नरसिंह हे पहिले चार अवतार मानवी आकाराच्या अलीकडचे आहेत, आणि या संगीताची प्रचंडता त्यांना जशी शोभते तशी क्वचितच दुसऱ्या कोणत्या संगीताची शोभेल.

या प्रचंडतेचा एक भौतिक पाया आहे आणि तो पोफळीत प्रत्यक्ष पाहता येतो. मेटल हे पूर्णतः विजेवर जगणारे संगीत आहे. वीज गेली तर गायकाचा घसा आणि ढोलांची कातडी एवढेच उरते. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पोफळीला १९६२ पासून कोयना प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याची वीज निर्माण होऊ लागली. सह्याद्रीच्या पूर्वेला सातारा जिल्ह्यात अडवलेले कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्याने पश्चिमेला आणून, कड्याच्या उंचीवरून खाली सोडून, खडकात कोरलेल्या भूमिगत वीजगृहातील यंत्रांवर घेतले जाते आणि मग ते वाशिष्ठी नदीकडे जाते. पूर्वेच्या समुद्राला मिळणारे पाणी अशा रीतीने पश्चिमेच्या समुद्राला मिळते. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचे वीजगृह मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट झाली. पाणी सोडताच काही मिनिटांत वीज देता येते, म्हणून मागणी चढते त्या वेळांना, विशेषतः संध्याकाळी, तिचा मोठा उपयोग होतो, आणि आरंभापासून ही वीज मुंबई-पुणे पट्ट्याकडे गेली. मुंबईच्या संध्याकाळच्या मैफलींत वाजलेल्या विद्युत्गिटारींच्या मागे कोयनेचे पाणी, डोंगरात काम केलेले मजूर आणि जलाशयाखाली ज्यांची गावे गेली ती माणसे उभी आहेत, असे म्हणणे म्हणूनच अलंकारिक ठरत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात झालेल्या भूकंपाने हीच भूमी हादरली आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाचा जगभर अभ्यास होतो त्यात या घटनेचे नाव अग्रभागी असते. पृथ्वी पाताळात जाते आणि कोणीतरी तिला उचलून वर आणतो, ही वराहाची कथा अशा ठिकाणी ऐकताना तिच्यातले पुराणपण फार काळ टिकत नाही.

अल्बममधील सहावे गाणे परशुरामाचे आहे, आणि तेथे कोकणचा ऐकणारा थबकतो. प्रत्येक अवताराच्या नावापुढे बँडने एक इंग्रजी उपनाम जोडले आहे. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वामनाला बुटका, तसे परशुरामाला परशू धारण करणारा. इंग्रजीतून ऐकणाऱ्या परक्या श्रोत्याला ही ओळख लागतेच, यात शंका नाही. पण कोकणाने परशुरामाची जी कथा जिवापाड जपली तिच्यात परशूपेक्षा बाण महत्त्वाचा आहे: सगळी जिंकलेली भूमी दान केल्यावर स्वतःला राहायला जागा नाही म्हणून त्याने समुद्रावर बाण सोडला आणि समुद्र हटून ही किनारपट्टी वर आली. चिपळूणजवळच्या पेढे-परशुराम येथील देवळात काळ, परशुराम आणि काम अशा तीन मूर्ती आहेत, या स्थानाचा उत्कर्ष थोरल्या बाजीरावाचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांच्याशी निगडित आहे, आणि मुख्य देवळाच्या मागे रेणुकेचे देऊळ आहे. पित्याच्या आज्ञेवरून आईचा शिरच्छेद करणारा मुलगा आणि त्याची आई एकाच आवारात पूजा घेतात. एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करण्याच्या कथेला मेटलचा वेग सहज पेलतो. भूमी दान करून बेघर झालेल्या आणि आईच्या सावलीत उभ्या असलेल्या परशुरामाला पेलण्यासाठी त्याला आपला वेग आवरावा लागला असता. रेणुकेची बाजू उचलणारी एखादी संथ, जड चाल (आणि संथ, जड चालींत मेटल किती परिणामकारक होते हे ‘ब्लॅक सॅबथ’पासून सिद्ध आहे) या ठिकाणी अल्बमला फार उंच घेऊन गेली असती.

त्याहून अवघड प्रश्न वामनाचा आहे. मराठी प्रदेशात बळिराजा हा पराभूत दैत्य म्हणून आठवला जात नाही. बलिप्रतिपदेला घरोघरी त्याचे राज्य पुन्हा येवो अशी इच्छा बोलली जाते आणि शेतकऱ्याला आदराने बळिराजाच म्हटले जाते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गुलामगिरी’त धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम असे अवतार एकेक करून तपासले आणि त्या कथा म्हणजे बाहेरून आलेल्यांनी येथील मूळ राजांवर केलेल्या आक्रमणांची झाकलेली हकिकत आहे, असा अर्थ लावला. त्याच ग्रंथात चिरंजीव मानल्या गेलेल्या परशुरामाला हजर होण्याचे पत्रही आहे. फुल्यांच्या अर्थनिर्णयातील सर्व ऐतिहासिक तपशील आजचा अभ्यासक स्वीकारील असे नाही, पण अवतारमालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत असुराच्या बाजूने वाचता येते आणि तशी वाचली की तिचा न्याय बदलतो, हे त्यांनी मराठीला कायमचे शिकवले. अवतारांना क्रमाने घेऊन त्यांच्यामागचा एकच विचार उलगडणारी ही रचना, संकल्पना-अल्बमच्या कसोटीवर पाहिली तर, एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झालेली होती. नमन-खेळ्यांनी जे नाचून सांगितले ते फुल्यांनी युक्तिवादाने सांगितले, आणि दोन्ही ठिकाणी बोलतो आहे तो असुर.

नववे गाणे बुद्धाचे आहे. जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’पासून चालत आलेल्या ज्या परंपरेत बुद्ध हा नववा अवतार आहे तिचीच यादी बँडने घेतली, आणि भारतातील बहुसंख्य श्रोत्यांना ती निर्विवाद वाटेल. महाराष्ट्रात ती तशी नाही. जुन्या मराठी पंचांगांवरील दशावताराच्या चित्रांत बुद्धाच्या जागी विठ्ठल-रखुमाई दिसतात, ज्याची सविस्तर चर्चा रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ या ग्रंथात केली आहे; आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मानणार नाही, अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. लक्षावधी मराठी कुटुंबांसाठी हा श्रद्धेचा आणि आत्मसन्मानाचा प्रश्न आहे. पुराणांतील काही ठिकाणी तर हा अवतार असुरांना मोहात पाडून वेदमार्गापासून दूर नेण्यासाठी झाला असे म्हटले आहे, म्हणजे येथेही असुर कथेच्या केंद्रात आहेच. मुंबईच्या बँडने ही यादी जशी आली तशी स्वीकारली, तिच्यातल्या भेगेवर बोट ठेवले नाही. आणि संगीताच्या अंगाने पाहिले तरी करुणा व शांती यांना वेगाच्या आणि आघाताच्या भाषेत बसवणे हे या दहा गाण्यांतले सर्वांत कठीण काम होते. अवतारांच्या यादीत शस्त्र नसलेला हा एक असा आहे की त्याच्यापाशी येऊन या संगीताने स्वतःलाच प्रश्न विचारायला हवा होता.

ध्वनीच्या प्रश्नावर मात्र मेटल आणि दशावतार यांचे दुखणे एकच आहे. मुंबईच्या धोबीतलाव भागातील रंगभवन हे खुले नाट्यगृह अनेक वर्षे ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या महोत्सवाचे आणि शहरातल्या मेटलप्रेमी तरुणांचे हक्काचे ठिकाण होते. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनंतर शाळा, रुग्णालय आणि न्यायालय यांच्या भोवतीच्या शांतता क्षेत्रांमुळे तेथील मैफली थांबल्या. त्याच नियमांतील रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकबंदीने रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यांनाही अडचणीत टाकले. रुग्णाची झोप मोलाची आहे आणि नियम योग्यच आहेत. तरीही ज्या कलांचा प्राणच रात्र आणि मोठा आवाज हा आहे, त्यांच्यासाठी गावाबाहेर, शहराबाहेर जागा राखून ठेवणे हे समाजाचे काम आहे. दशावतार निदान ध्वनिक्षेपकाविना शतके चालला. मेटलला तो पर्याय नाही.

अल्बमचा शेवट कल्कीने होतो, ज्याला बँडने घाणीचा संहारक म्हटले आहे. अजून न घडलेला हा अवतार मेटलला फार मानवतो, कारण जगाच्या अंताची कल्पना या संगीताच्या स्वभावातच आहे, आणि अखेरच्या गाण्यापर्यंत येताना ऐकणाऱ्याला प्रलयापासून संहारापर्यंतचा एक मोठा पल्ला ओलांडल्याचे समाधान मिळते. तरीही पुन्हा एकदा गाण्यांच्या नावांवरून नजर फिरवली की एक उणीव ठळकपणे दिसते: दहाही शीर्षके देवांची आहेत. ज्या बँडच्या स्वतःच्या नावात दैत्याचे पुनरुत्थान आहे, ज्याने असुराच्या आरोळीला साजेसा आवाज वर्षानुवर्षे घडवला, त्याने तो आवाज देवांचे पराक्रम सांगण्यासाठी वापरला आणि हिरण्यकशिपू, बळी, संकासुर यांना स्वतःचे गाणे दिले नाही. क्रम आहे, भव्यता आहे, कारागिरी तर वादातीत आहे. पण दहा वेळा देव जिंकतो तेव्हा दहा वेळा कोणीतरी हरतो, आणि त्या हरण्याचा विचार मालिकेतून वाढत जायला हवा होता. अकरावे गाणे संकासुराचे असते, ते मराठीत असते आणि त्यात गिटारींच्या जोडीला चिपळूणकडच्या खेळ्यांचा मृदंग असता, तर वेद चोरणाऱ्याला ते का हवेसे वाटले हा प्रश्न तरी विचारला गेला असता. ते गाणे अजूनही रचता येईल. त्यासाठी लागणारा आवाज या बँडजवळ आहे आणि लागणारी कथा शिमग्यात दरवर्षी दारात येते.